लोखंडाच्या पोटातला खडा

भूकंपानंतर सास्तूरला नवं गाव वसलं तेव्हा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अगदी शेवटच्या ओळीत, रस्त्याकडेची जागा मिळाली. लोहाराची भट्टी घरांच्या मधोमध नको, ठिणगी उडते, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं होतं. आबांना ते सोयीचंच होतं. त्यांनी घरापुढं चार मेढी रोवून वर पत्रा टाकला, मातीत ऐरण पुरली आणि काम सुरू केलं. मी त्या पत्र्याखालीच वाढले. जुना भाता जाऊन हातानं फिरवायचा पंखा आला होता, तो मी फिरवायची. घण आई मारायची. आबा सांडशीत तापलेलं लोखंड धरून हातोडीनं जागा दाखवायचे आणि आई बरोबर तिथं घाव घालायची. शाळेतल्या मैत्रिणींच्या आया घण उचलत नाहीत हे कळलं तेव्हा मला त्या मैत्रिणींची कीव आली होती.

मी आठवीत असताना कर्नाटकाच्या हद्दीकडच्या एका गावातून एक शेतकरी आला. मोटारसायकलला पोतं बांधलेलं. त्यानं पोत्यातून असोल्या नारळाएवढा एक काळपट गोळा काढला आणि धपकन खाली ठेवला. गोळ्याच्या एका अंगाला शिंगासारखा कोंभ होता.

"ट्रॅक्टरचा फाळ मोडला ह्यानं," तो कानडी हेलात म्हणाला. "आता ह्याचाच फाळ करून द्या मला."

आबांनी गोळा एका हातानं उचलायला घेतला आणि त्यांचं मनगट लचकलं. मग दोन्ही हातांनी मांडीवर घेऊन त्यांनी तो कानशीनं जरा घासला. खालून चांदीसारखी चकाकी आली.

"लोखंडच हाय," ते म्हणाले. "पर असलं लोखंड म्या बघितलेलं न्हाय."

गोळा आख्खा तापवण्याइतकी आमची भट्टी मोठी नव्हती. आबांनी नुसतं ते शिंग निखाऱ्यात खुपसलं. मी पंखा फिरवला. शिंग लाल झाल्यावर छिन्नी लावून आईनं ते तोडलं. तुकडा पुन्हा तापवून ऐरणीवर घेतला. पहिले दोन घाव बरे पडले. तिसऱ्या घावाला तो तुकडा ढेकळासारखा फुटला. आई घण तसाच धरून उभी राहिली, कारण इतक्या वर्षांत तापलेलं लोखंड फुटताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

आबांनी तुकडे निवू दिले आणि एक उन्हात धरला. फुटलेल्या जागी लोखंडाच्या मधे मधे काळसर हिरवे दाणे होते. काही तिळाएवढे, काही हरभऱ्याएवढे.

"ह्याच्या पोटात खडा हाय," आबा म्हणाले.

शेतकरी हसला. "मंजे दगुडच की. ठेवा तुमालाच." आणि पोतं झटकून निघून गेला.

आबांनी त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाही. तरुणपणी ते सोलापूरला ओतकामाच्या कारखान्यात होते. तिथं त्यांनी लोखंड पाण्यासारखं पातळ झालेलं पाहिलं होतं. जेवताना ते मला सांगू लागले. "लोखंड पातळ झालं की त्यातलं कीट वर येतंय बघ. दुधावर साय येती तसं. जड ते खाली, हलकं ते वर. त्याला कुणी सांगावं लागत न्हाय. मग हा खडा आत कसा थांबला? वर का न्हाय आला?"

"कुणीतरी घातला असंल आत," आई म्हणाली.

"कोण घालणार? आणि लोखंड पातळ असताना घातला तरी वर तरंगंलच की."

मला उत्तर माहीत नव्हतं. शाळेत विज्ञानाच्या बाईंना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. पुढं किती वर्षं हा प्रश्न माझ्या मागं लागणार आहे हे तेव्हा कळलं असतं तर मी तो शाळेत विचारलाच नसता.

गोळा आबांनी टाकला नाही. दर खंडेनवमीला ऐरण, घण, हातोड्या, सांडश्या धुऊनपुसून मांडल्या जायच्या, त्यांच्या रांगेत तोही असायचा. पूजा झाली की आबा त्याला करडईचं तेल चोळायचे आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवायचे. "लोखंड हवा पितंय," असं ते म्हणायचे. "त्याला उघडं ठिवू ने."

बारावीनंतर मी भूशास्त्र घेतलं. आमच्या समाजातली कुणी मुलगी तोवर इतकी शिकली नव्हती आणि हे शास्त्र कशाचं, हे नातेवाइकांना सांगताना आबांची तारांबळ उडायची. "दगडांचं शिकती," एवढं ते सांगायचे. एम.एस्सी.ला मी पुण्यात गेले. तिथं पहिल्या सुट्टीनंतर परतताना त्या फुटलेल्या शिंगाचा एक तुकडा रुमालात बांधून नेला आणि आमच्या सरांपुढं ठेवला.

सरांनी तो भिंगाखाली धरला. फुटलेली कड फिरवून फिरवून पाहिली. मग म्हणाले, "हा तापवलाय कुणीतरी."

"माझ्या वडिलांनी. ते लोहार आहेत."

"न तापवलेला भाग आहे?"

"आहे. गोळा आहे घरी."

सर उठून उभे राहिले. इतक्या वयाचा माणूस माझ्यासारख्या पोरीच्या बोलण्यानं खुर्चीतून उठतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या खेपेला गोळ्याची एक कड तासून आणली. सरांनी ती घासून गुळगुळीत केली आणि तिच्यावर सौम्य आम्ल लावलं. हळूहळू धातूवर आडव्या-तिरप्या पट्ट्यांची जाळी उमटली, चटईच्या विणीसारखी. अशी वीण माणसानं केलेल्या लोखंडात येत नाही. ती यायला लोखंड इतकं सावकाश निवावं लागतं की लाखो वर्षांत थोडकेच अंश उतरावेत. गोळा आकाशातून पडलेला होता.

मी फोन केला. "आबा, ते आकाशातलं आहे."

पलीकडून ते म्हणाले, "मग वर कुणाची भट्टी हाय?"

भट्टी खरोखरच होती, हे मी त्यांना पुढच्या सुट्टीत समजावलं. सूर्य नवा होता तेव्हा त्याच्याभोवती लहान लहान ग्रह फिरत होते. त्यातले काही आतून इतके तापले की वितळले. लोखंड जड, ते बुडून मध्यभागी गेलं. दगड हलका, तो वर राहिला. म्हणजे आबा म्हणत होते तसंच. पुढं हे लहान ग्रह एकमेकांवर आदळून फुटले, आणि पोटातल्या लोखंडाचे तुकडे कधी कधी आपल्याकडं येऊन पडतात. यातल्या बहुतेक तुकड्यांत नुसतं लोखंड असतं. मात्र काहींच्या आत दगडाचे दाणे अडकलेले सापडतात. ते कसे अडकले यावर जगभरातले जाणकार भांडतात. कुणी म्हणतं, दुसरा ग्रह येऊन आदळला आणि वितळलेलं लोखंड नि दगड ताकासारखे घुसळले गेले. कुणी म्हणतं, वरचा थर फुटून त्याचे तुकडे लोखंडात पडले.

"म्हंजी त्यांनाबी ठाव न्हाय," आबा समाधानानं म्हणाले.

मी पीएच.डी.ला याच विषयाला नाव नोंदवलं. आबांनी गोळा फडक्यात गुंडाळून, त्यावर पोतं शिवून माझ्या हवाली केला. एस.टी. सुटायच्या आधी खिडकीपाशी येऊन म्हणाले, "तेल लावत जा त्याला. इसरू नको."

विसरले नाही, पण लावलंही नाही. तेल लागलेल्या नमुन्यावर मोजमाप करता येत नाही. पुण्यात गेल्यावर मी पहिल्याच आठवड्यात गोळ्यावरचं इतक्या खंडेनवम्यांचं तेल रसायनानं धुऊन काढलं. ते बरोबरच होतं, तसंच करायचं असतं. चूक पुढं झाली.

गोळ्याचे काप काढायचे होते. विभागातलं कापायचं यंत्र बंद पडलं होतं. सर म्हणाले, "थांब. दुरुस्त होऊ दे. याला पाणी लागता कामा नये, स्पिरिटच्या धारेखाली कापायचं." पण एका परिषदेला निबंध द्यायचा होता, त्यात कापांची छायाचित्रं हवी होती आणि हाताशी तीन आठवडे होते. ओट्याच्या फरशा कापणाऱ्या एकाचा कारखाना शहराबाहेर होता. मी सरांना न सांगता तिथं गेले. कारागीर चांगला होता, त्यानं हात न थरथरता पाच काप काढले. पात्यावर बोअरच्या पाण्याची धार चालू होती. यंत्राच्या कडेला, पाणी वाळून, पांढरे खारे थर बसले होते. ते मी पाहिले. दगडांचं शिकलेल्या मुलीनं ते पाहिले आणि ती घड्याळाकडं बघत उभी राहिली. लोखंडाला मीठ लागलं तर काय होतं, हे तर मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "स्पिरिट वापरलं, सर."

काप फार सुंदर निघाले. पांढऱ्या धातूत हिरवे, करडे, मधासारखे दाणे. काही गोल थेंबासारखे, काही फुटक्या कौलासारखे टोकदार. सूक्ष्मदर्शकाखाली त्या गोल दाण्यांत मला काच सापडली. काच म्हणजे घाईघाईनं थंड झालेला दगड. त्याला स्फटिक बांधायला सवडच मिळाली नाही. इथं खरा घोळ सुरू झाला. दाण्यातली काच सांगत होती की हे सगळं झटकन थंड झालं. भोवतीच्या लोखंडावरची जाळी सांगत होती की लाखो वर्षं लागली. दोघं एकाच कापात होते, एकमेकांना चिकटून. परिषदेत मी एवढंच मांडलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक वयस्कर बाई जेवताना शेजारी येऊन म्हणाल्या, "हा धागा सोडू नका." त्या दिवशी मी जितकी आनंदात होते तितकी नंतर कधीच नव्हते.

परतल्यावर आठ दिवसांत आईचा फोन आला. आबा ऐरणीपाशीच कोसळले होते. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही.

मी काप नि उरलेला गोळा डब्यात भरून विभागाच्या तळघरातल्या कपाटात ठेवला आणि निघाले. महिन्याभरात येऊ असं वाटलं होतं. दीड वर्ष गेलं. मी एकुलती एक. आईचा खांदा घणानं आधीच गेलेला, तिला आबांना कुशीवर वळवणंही जमेना. भट्टी बंद झाली. माणसं कुळव-कोयते घेऊन यायची, खाटेवरच्या आबांकडं बघून जरा वेळ उभी राहायची आणि वेल्डिंगवाल्याकडं जायची.

आबांची वाचा थोडी परत आली, पण फुटकी. एकेक शब्द यायचा, त्यातला निम्मा लाळेत जायचा. मी दुपारी खाटेपाशी बसून त्यांना काहीबाही सांगायची. एकदा तो घोळ सांगितला. दाणे घाईनं थंड झाले, लोखंड सावकाश झालं, हे कसं?

त्यांनी डाव्या हातानं मला थांबवलं. ओठ हलायला लागले.

"राख."

"काय हवंय आबा? राख कशाला?"

ते चिडले. "राखंत. राखंत."

आई चुलीतली राख घेऊन आली. त्यांनी ती हातानं उडवून लावली. त्यांना दात घासायचेत का, अंगाला खाज सुटलीय का, सगळं विचारून झालं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी त्यांनी बंद भट्टीकडं बोट केलं आणि तोंडानं 'छ्स्स' असा आवाज काढला, तापलं लोखंड पाण्यात बुडवल्यावर होतो तसा. मग हाताची मूठ करून ती दुसऱ्या, निर्जीव हाताखाली सावकाश सरकवली आणि तिथंच ठेवली.

मला कळायला संध्याकाळ झाली. लोखंड मऊ करायचं असेल तर आबा ते तापवून राखेच्या ढिगात पुरून ठेवायचे. राखेत ते रात्रभर निवत राहायचं. म्हणजे ते सांगत होते की दोन्ही झालं. आधी 'छ्स्स', मग राख. टक्कर झाली, वितळलेलं लोखंड नि दगड घुसळले, त्यात टक्करीतला थंड चुरा येऊन मिसळला आणि सगळं एका दमात गोठलं. दगडाला वर यायला वेळच राहिला नाही. पण ते पुरतं थंड झालं नव्हतं. त्यावर फुटक्या ग्रहाचा मलबा येऊन पडला, जाड गोधडीसारखा, आणि त्याखाली उरलेली ऊब लाखो वर्षं सावकाश जात राहिली.

"असंच ना आबा?"

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. मग विचारलं, "ते... तेल?"

"लावते आबा. दरवर्षी लावते."

आबांचं राखेचं म्हणणं मांडणारी माणसं जगात आधीच होती, हे नंतर जुने निबंध वाचताना मला सापडलं. त्यानं माझं काही कमी झालं नाही. आमच्या गोळ्यात ते दिसतं का, हे कुणीच पाहिलेलं नव्हतं. जाळीच्या पट्ट्यांच्या कडेला निकेल कसं पसरलंय ते मोजलं, दाण्यांच्या भोवती मोजलं, तर लोखंड किती तापमानापर्यंत झटकन उतरलं आणि कुठून सावकाश झालं, ते कळलं असतं. आबा जरा बसते झाले, मावशी राहायला आली, तशी मी पुण्याला गेले. गाडीत वहीत आकृत्या काढत गेले.

तळघराच्या भिंतीला गेल्या पावसाळ्याची ओल आली होती. कपाटाचं दार फुगून बसलं होतं, ते शिपायानं खांदा देऊन उघडलं. डब्याचं झाकण काढल्यावर आधी वास आला, जुन्या नाण्यांना येतो तसा. आत पाच काप ठेवले होते तिथं तांबड्या पापुद्र्यांचा ढीग होता. पापुद्र्यांवर चहासारख्या रंगाचे थेंब जमले होते. मी एक काप उचलायला गेले तर तो बोटांत भाकरीसारखा मोडला. उरलेला गोळा भेगाळून तीन ठिकाणी उकलला होता. खारं पाणी दाण्यांच्या कडेकडेनं आत गेलं होतं आणि आतून खात सुटलं होतं. डब्याच्या तळाशी, गंजात, हिरवे दाणे सुटे होऊन पडले होते. वाळू चाळल्यासारखे.

मी आठ दिवस झगडले. तुकडे भट्टीत वाळवले, सोड्याच्या द्रावणात बुडवून ठेवले, पाणी बदलत राहिले. रोज सकाळी भांड्याच्या तळाशी नवा चिखल असायचा. नवव्या दिवशी सर स्वतःच खाली आले. त्यांनी भांडी पाहिली. चष्मा काढला.

"पाणी लावलं होतंस?"

"हो."

"कुठलं?"

"बोअरचं."

"मला स्पिरिट म्हणाली होतीस."

सर स्टुलावर बसले. त्यांना निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि हे त्यांचं शेवटचं काम असणार होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "नोंदीसाठी नमुना आधी ठेवायला हवा होता. माझीही चूक झाली." त्यांची काही चूक नव्हती. सापडलेल्या उल्केला नाव मिळायचं तर तिचा चांगला तुकडा एखाद्या संग्रहात कायमचा जमा करावा लागतो. आम्ही तो कापण्या-मोजण्याच्या गडबडीत पुढं ढकलला होता. आता जमा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्याकडं छायाचित्रं होती. पण जी वस्तू कुणाला पुन्हा तपासता येत नाही तिच्या छायाचित्रांवर शास्त्र चालत नाही, आणि ते बरोबरच आहे.

घरी आले तर आबांनी दारातच विचारलं, "लोखंड?"

"चांगलंय आबा."

चार महिने मी हेच उत्तर देत राहिले. मग खंडेनवमी आली. भट्टी बंद असली तरी आईनं ऐरण धुतली, हत्यारं मांडली, झेंडू वाहिला. आबा खाटेवरून बघत होते. त्यांनी डाव्या हातानं रांगेतली मोकळी जागा दाखवली. "आण," ते म्हणाले. "आज आण."

मी सांगितलं. पाणी, मीठ, घाई, तळघर, सगळं. सरांशी खोटं बोलले तेही सांगितलं. आई अंगणात पाणी आणायला गेली होती. तिथं आम्ही दोघंच होतो. आबा माझ्याकडं बघत राहिले. दीड-दोन वर्षांत त्यांच्या तोंडून एक अख्खं वाक्य निघालं नव्हतं. ते वाक्य तेव्हा निघालं, अगदी स्पष्ट, एकही अक्षर न गळता.

"लोहाराच्या पोरीनं लोखंड कुजू दिलं."

मी म्हणाले, "आबा, तुमचं राखेचं बरोबर होतं." त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मला वाटतं त्यांना ऐकू गेलं नसावं. किंवा गेलंही असेल.

त्यानंतर ते माझ्याशी त्या विषयावर बोलले नाहीत. इतर बोलणंही उणंच होतं. मी भरवलं तर खायचे, कूस बदलली तर बदलू द्यायचे. पुसताना त्यांचे डोळे माझ्यावर नसायचे. मी रोज ठरवायची की आज पुन्हा विषय काढायचा, माफी मागायची, आणि रोज नुसतं तोंड पुसून उठायची. थंडी सरता सरता एके सकाळी आई त्यांना चहा द्यायला गेली तर ते गेले होते. डॉक्टर म्हणाले, झोपेत गेले, त्रास झाला नाही. माणसं मलाही सांगत होती की दोन वर्षं केलंस, लेकीनं करावं तसं केलंस. मी ऐकून घेत होते. आईला मी आजवर ते वाक्य सांगितलेलं नाही.

सरांनी निवृत्तीनंतरही दोनदा फोन केला. दुसरा विषय घे, संग्रहालयातल्या दुसऱ्या उल्केवर काम कर, माझ्या ओळखीनं बघतो, असं म्हणाले. मी अर्ज भरला होता. तो पाठवायच्या दिवशी पोस्टापर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या कुणाचा तुकडा माझ्या हातात द्यावा असं मला स्वतःलाच वाटत नव्हतं. वर्षभरानं नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. ते दोन ओळींचं होतं.

आता मी भूमला एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. सास्तूरचं घर आम्ही मावशीच्या मुलाला राहायला दिलं आणि आईला मी माझ्याकडं आणलं. तिला इथलं पाणी आवडत नाही, माणसं कोरडी वाटतात. तिचा खांदा आता वर होत नाही, वेणी मी घालते. भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीच्या अंतरंगाचा एक धडा आहे. गाभा लोखंडाचा, त्यावर दगडाचा थर, असं चित्र आहे. जड ते खाली, हलकं ते वर, असं मी फळ्यावर लिहिते, मुलं उतरवून घेतात. कुणी काही विचारत नाही. विचारलं तर काय सांगावं याची मी पहिली दोन वर्षं तयारी करून जायची. आता करत नाही.

मागच्या सुट्टीत पुण्याच्या विभागातून कळलं की सर गेले. मला जायला हवं होतं. येरमाळ्यापर्यंत गेले, तिथं पुण्याची गाडी पकडायची होती. गाडी आली, थांबली, माणसं चढली. मी बाकावरच बसून राहिले. सरांच्या घरच्यांना मी कोण म्हणून सांगणार होते ते मला सुचेना. दुपारच्या एस.टी.नं भूमला परत आले. आईनं विचारलं, "का गं, लवकर आलीस?"

"गाडी चुकली," मी म्हणाले.

तिनं ताट वाढलं. मी जेवले आणि सहामाहीचे पेपर तपासायला घेतले. साठ पेपर होते. अंधार पडेपर्यंत निम्मे झाले.